आईंचा खांदा, नैराश्याचा कागद आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

डिचोलीहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आईंचे वय एकसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. उजवा खांदा आठ महिन्यांपासून दुखतो. रात्री त्या कुशीवर झोपू शकत नाहीत, आडोळीवर नारळ खवणताना हात भरून येतो, आणि केसांत अबोलीची फाती माळणे तर त्यांनी सोडूनच दिले आहे, कारण हात मानेमागे जातच नाही, दुसऱ्याने धरून नेला तरीही. एमआरआयच्या अहवालात कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) अर्धवट फाटल्याचे लिहून आले आणि एका सर्जननी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, त्यात १३ गुण आले, आणि त्यांनी आधी नैराश्यावरचे औषध सुरू करू असे सांगितले. तेव्हापासून आईंचे एकच म्हणणे आहे, की ‘माझे दुखणे त्यांना खोटे वाटते.’ मुलाला जाणून घ्यायचे आहे, की खांद्याच्या दुखण्याशी मनाचा संबंध असल्याचे संशोधन खरोखर सांगते का, मन खचलेले असताना शस्त्रक्रिया केली तर ती फसते का, आणि आता पुढे काय करावे.

मी गेली सव्वीस वर्षे उत्तर गोव्यात अस्थिशल्यचिकित्सा करतो आणि त्यांतील बराच काळ प्रामुख्याने खांद्याच्या रुग्णांत गेला आहे. आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे विवेचन हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, त्यांच्याऐवजी नव्हे. उत्तराचा गाभा आधीच सांगतो. दुखणे खरे आहे. मनाची अवस्था ते दुखणे किती तीव्र भासते हे बऱ्याच अंशी ठरवते. परंतु मन खचलेले आहे एवढ्यावरून शस्त्रक्रिया फसेल असे म्हणता येत नाही, आणि खांदा दुखतो एवढ्यावरून मनाकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही. दोन्ही डॉक्टरांनी एकेक अर्धा बरोबर धरला आहे, असे मला वाटते. मात्र दोघांच्याही आधी एक प्रश्न विचारायचा राहून गेला असावा, त्यापासून सुरुवात करतो.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे शब्द एमआरआयचे नाहीत, ‘दुसऱ्याने धरून नेला तरीही’ हे आहेत. खांद्याच्या गोळ्यावर चार स्नायूंच्या कंडरांची मिळून एक टोपी बसलेली असते, तिला रोटेटर कफ, थोडक्यात कफ, म्हणतात. ती फाटली तर रुग्णाला स्वतः हात उचलणे जड जाते, पण दुसऱ्याने उचलल्यास हात सहसा वर जातो. हात कोणीच वर नेऊ शकत नसेल, आणि कोपर अंगाला टेकवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवतानाही अडत असेल, तर सांध्याचे आवरणच आखडलेले असण्याची शक्यता अधिक. यालाच आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो. हे नाव अमेरिकी शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले. हा विकार चाळीस ते साठ या वयात जास्त आढळतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, आणि मधुमेह्यांत तर इतरांच्या कित्येक पटींनी जास्त. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आढळले. त्यामुळे आमच्या बाह्यरुग्ण विभागात आखडलेला खांदा दिसला, की साखर तपासल्याशिवाय त्या रुग्णाला परत पाठवू नये, हा माझा जुना नियम आहे.

मग एमआरआयमध्ये दिसलेली फाट? ती खरी असेल, पण दुखण्याचे कारण तीच असेल असे नाही. खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठीपुढच्या ५४ टक्के लोकांच्या कफमध्ये पूर्ण किंवा अर्धवट फाट सापडली. डोक्यावरचे केस पांढरे व्हावेत तशी ही फाट वयाबरोबर येते आणि पुष्कळांना तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून आधी साधा एक्स-रे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉईडची तपासणी (टीएसएच) करून घ्यावी. थायरॉईडचा मी आवर्जून उल्लेख करतो, कारण ती ग्रंथी मंदावली तर खांदाही आखडू शकतो आणि मनही मरगळते, आणि मग दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे दोन वेगवेगळे आजार म्हणून त्याच एका कारणाचे उपचार चालू राहतात. (क्वचित एखाद्या रुग्णात आखडलेला खांदा हे पार्किन्सनचेही पहिले लक्षण असते. हात चालताना हलतो की नाही, एवढे पाहायला अर्धे मिनिट पुरते.)

आता मनाकडे येऊ. आईंना जो राग आला त्याला आमच्या व्यवसायाचाच इतिहास कारण आहे. १९५०च्या दशकात वैद्यकीय लिखाणात अशा रुग्णांच्या एका विशिष्ट व्यक्तिमत्त्वाची कल्पना रूढ झाली. हा रुग्ण वेदना सोसू न शकणारा, मरगळलेला आणि उपचारात सहकार्य न करणारा असतो, असे वर्णन होऊ लागले. म्हणजे खांदा आखडण्याचा दोष रुग्णाच्या स्वभावावर टाकला गेला. पुढे असे वेगळे व्यक्तिमत्त्व तपासून पाहिले तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. पण कल्पना मेली तरी तिचा सूर उरतो, आणि रुग्णाला तो बरोबर ऐकू येतो. माझ्याकडे आलेल्या पेडण्याच्या एका बाईंनी प्रश्नावलीचा कागद पाहताच तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, हांव पिशी न्हय.’ मी वेडी नाही, एवढेच. त्या दिवसापासून मी तो कागद पहिल्या भेटीत, खांद्याला हात लावण्याआधी, कधीही पुढे करत नाही.

संबंध आहे का, याचे उत्तर मात्र स्पष्टपणे ‘आहे’ असेच आहे. अमेरिकेतील युटा येथे कफ पूर्ण फाटलेल्या १६९ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांनी सांगितलेली वेदना आणि हाताची उपयुक्तता यांचा संबंध फाट किती मोठी आहे याच्याशी जितका होता, त्याहून अधिक तो त्यांच्या मानसिक आरोग्याच्या गुणांशी होता. त्याआधी अमेरिकेतल्याच अनेक रुग्णालयांनी मिळून, ‘मून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात, इजेशिवाय कफ फाटलेल्या रुग्णांची पाहणी केली होती. त्यांच्यातही फाटीची तीव्रता आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसला नव्हता. मला हे निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटले नाही. बोटभर फाट घेऊन भाताची रोपे लावणारे शेतकरी आणि केसभर फाटीने रात्र रात्र जागणारी माणसे आम्ही सर्वांनीच पाहिली आहेत.

हे घडते कसे, यात गूढ काही नाही. वेदना ही खांद्यातून मेंदूकडे जाणारी तार नव्हे. मेंदू आणि मज्जारज्जू त्या संदेशाला वाढवू किंवा दाबू शकतात, हे रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले आणि त्याच्या तपशिलात पुढे बदल झाले तरी मूळ विचार टिकला. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच वेदना अधिक बोचते, आणि खांद्याचे दुखणे तर नेमके रात्रीच वाढते. चिंता असली की लक्ष पुन्हा पुन्हा खांद्याकडेच जाते. ‘हात हलवला तर आणखी फाटेल’ ही भीती बसली की माणूस हात अंगाशी धरून ठेवतो, आणि न हलवलेला खांदा आणखी आखडतो. इथे मनातले कारण शरीरात उतरलेले असते. आखडलेले आवरण ही कल्पना नाही, ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसातही तसेच आखडलेले असते.

परंतु अशा अभ्यासांचे आकडे वाचताना जरा थांबावे लागते, आणि या बाबतीत रुग्णांचे नातेवाईकच नव्हे तर आम्ही डॉक्टरही घाई करतो. आईंनी जो कागद भरला तो बहुधा पीएचक्यू-९ असावा. गेल्या दोन आठवड्यांत नऊ गोष्टींचा त्रास किती वेळा झाला, याला शून्य ते तीन असे गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण आल्यास मध्यम नैराश्याची शक्यता धरतात. पण त्या नऊ प्रश्नांतील एक झोपेचा आहे, एक थकव्याचा, शिवाय भूक, एकाग्रता आणि हालचाली मंदावणे हेही आहेत. खांद्यामुळे रोज रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला झोपेचे तीन आणि थकव्याचे तीन असे सहा गुण मनाचा काहीही आजार नसताना मिळू शकतात. मग आईंच्या तेरातले उरलेले सात कुठले, हे पाहिल्याशिवाय तेरा या बेरजेला अर्थ नाही. मी स्वतः बेरीज वाचण्याआधी पहिले दोन प्रश्न वाचतो, म्हणजे कशात रस वाटत नाही आणि मन उदास असते, हे दोन. त्यानंतर थेट शेवटचा, नववा वाचतो, जो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल, तर त्या दिवशी खांद्याचा विषय बाजूला राहतो आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे होते.

खांद्याच्या बाजूलाही हीच अडचण आहे. ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर या मोजपट्टीत बारा प्रश्न असून सर्वच्या सर्व रुग्णाने सांगायचे असतात, कपडे घालण्यापासून रात्रीच्या वेदनेपर्यंत. गुण शून्य ते ४८. याउलट १९८७ची कॉन्स्टंट मोजपट्टी शंभर गुणांची आहे. त्यांतील ३५ गुण रुग्ण सांगतो आणि ६५ गुण तपासणारा हालचालीचे अंश आणि ताकद मोजून देतो. एकाच सकाळी, उदास मनाने, एकाच माणसाने मनाचा कागदही भरला आणि खांद्याचाही भरला, तर दोन्हींचे गुण एकाच दिशेने झुकणारच. तेवढ्यावरून एकाने दुसरे घडवले असे सिद्ध होत नाही. म्हणून ‘नैराश्य असलेल्यांचा खांदा वाईट असतो’ असे वाक्य वाचले, की खांदा विचारून मोजला की हात धरून मोजला, हे आधी पाहावे.

कार्यकारण उलट्या दिशेनेही चालते. आठ महिने दुखल्यावर, झोप गेल्यावर, स्वतःचे केस स्वतः विंचरता येईनासे झाल्यावर मन खचणे हे दुखण्याचे कारण नसून परिणाम असू शकते. कोरियात कफच्या दुरुस्तीनंतर रुग्णांच्या मनःस्थितीची पाहणी झाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर चिंता, नैराश्य आणि निद्रानाश हे तिन्ही कमी झाले होते. खांदा सुधारला तसे मन सुधारले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शस्त्रक्रिया फसते का. युटामधल्याच गटाने २०१५ मध्ये कफच्या दुर्बिणीच्या दुरुस्तीनंतरचा वर्षभराचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सौम्य ते मध्यम मानसिक ताण असलेले रुग्ण शस्त्रक्रियेआधी अधिक वेदना सांगत होते, पण वर्षानंतरच्या त्यांच्या निकालाच्या आड तो ताण आला नाही. देवळाच्या तळीच्या पायऱ्या आठवाव्यात. एकजण अगदी पाण्याजवळच्या पायरीवरून निघतो, दुसरा मधल्या टप्प्यावरून, आणि दोघेही वीस पायऱ्या चढतात. कुठून निघाला आणि किती चढला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुष्कळ वादंग केवळ या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतो. उलट निष्कर्षाचे अभ्यासही आहेत, हे लपवणार नाही. विशेषतः कृत्रिम सांध्यांच्या शस्त्रक्रियांबाबत विम्याच्या नोंदींवरून केलेल्या मोठ्या पाहण्यांत नैराश्याबरोबर गुंतागुंत जास्त दिसते. पण विम्याच्या नोंदीत नैराश्याचे नाव लागणारा माणूस सहसा अधिक आजारी, अधिक औषधे घेणारा आणि अनेकदा एकटा असतो. त्यातला मनाचा वाटा वेगळा काढणे सोपे नाही. नेदरलँड्समधील एका पाहणीने मला जास्त शिकवले. शस्त्रक्रियेआधी मनाचा त्रास असलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचा तो वर्षभरात ओसरला. ज्यांचा शस्त्रक्रियेनंतरही टिकून राहिला, त्यांचे खांद्याचे निकाल कमी राहिले. म्हणजे मनाची विचारपूस फक्त शस्त्रक्रियेआधी करून भागत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकलो. सत्तरी तालुक्यातील एक ट्रकचालक माझ्याकडे कफच्या दुरुस्तीसाठी आला होता. २०१८ मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या आणि त्याचा ट्रक दारात उभा राहिला. शस्त्रक्रिया चांगली झाली. सहा महिन्यांनी सोनोग्राफीत कंडरा हाडाला नीट चिकटलेली दिसत होती, पण त्याचे दुखणे जागच्या जागी. मी आणखी एक सोनोग्राफी करायला लावली, मग एमआरआय, मग इंजेक्शन दिले. ट्रकच्या हप्त्यांचे काय झाले, हे मी एकदाही विचारले नाही. ते माझ्या फिजिओथेरपिस्टने विचारले, आणि मग कळले की तो दीड महिना घराबाहेरच पडला नव्हता, व्यायाम तर दूरच.

अपेक्षेचा प्रश्न याहूनही रंजक आहे. ‘मून’ गटाने इजेशिवाय कफ फाटलेल्या ४५२ रुग्णांना आधी फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांत शस्त्रक्रियेकडे वळलेले एक चतुर्थांशाहून कमी होते. कोण वळले, हे ठरवणारी सर्वांत ठळक गोष्ट फाटीचा आकार नव्हती. फिजिओथेरपीने आपल्याला बरे वाटेल की नाही, याविषयी रुग्णाची सुरुवातीची अपेक्षा, ही ती गोष्ट होती. इंग्लंडमध्ये १०३० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तेच दिसले. दुखत असतानाही मी माझी कामे करू शकेन हा विश्वास, आणि बरे होण्याची अपेक्षा, या दोन्ही गोष्टी सहा महिन्यांनंतरच्या निकालाशी जोडलेल्या निघाल्या.

गोव्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारीयांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये असे मांडले, की संमोहनाची शक्ती संमोहकाच्या हातातून वाहणाऱ्या कोणत्या चुंबकी द्रवात नसते, ती समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात आणि अपेक्षेत असते. आमच्या शल्यचिकित्सेला हाच धडा फार उशिरा मिळाला. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत खांद्याच्या हाडाचा खालचा भाग तासण्याच्या, अतिशय लोकप्रिय असलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची परीक्षा झाली. कफ शाबूत असलेले ३१३ रुग्ण तीन गटांत विभागले गेले. एका गटाचे हाड तासले, दुसऱ्या गटात फक्त दुर्बीण घालून पाहिले, तिसऱ्याला काहीच केले नाही. सहा महिन्यांनी ऑक्सफर्ड मोजपट्टीवर तासलेल्यांचे सरासरी गुण ३२.७, नुसती दुर्बीण घातलेल्यांचे ३४.२ आणि काहीच न केलेल्यांचे २९.४ होते. शस्त्रक्रिया झालेल्या दोन्ही गटांना थोडे जास्त बरे वाटले, पण हा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मोठा धरला जात नाही, आणि तासण्याने नुसत्या दुर्बिणीपेक्षा काहीच अधिक दिले नाही. मी ती शस्त्रक्रिया अनेक वर्षे केली आहे, आणि माझे रुग्ण बरे होत होते. त्यांना माझ्या तासणीने किती बरे केले आणि काळाने, व्यायामाने व विश्वासाने किती, हे मला आता सांगता येणार नाही.

आईंच्या बाबतीत, खांदा आखडलेला असल्याचे तपासणीत निश्चित झाले, तर कफच्या अर्धवट फाटीवर तूर्त शस्त्रक्रिया करू नये, असे माझे मत आहे. आखडलेल्या सांध्यावर टाके घालून वर आणखी काही आठवडे हात बांधून ठेवणे म्हणजे आखडलेल्याला आणखी आखडवणे. फ्रोझन शोल्डरसाठी ब्रिटनमध्येच ५०३ रुग्णांवर चाचणी झाली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. भूल देऊन सांधा हाताने मोकळा करणे, दुर्बिणीने आवरण सोडवणे, आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनासह पद्धतशीर फिजिओथेरपी, या तिन्हींपैकी कोणताही उपचार वर्षअखेरीस इतरांहून ठळकपणे सरस ठरला नाही. तेव्हा सुरुवात इंजेक्शन आणि व्यायामाने करावी. मधुमेहात त्या इंजेक्शनानंतर काही दिवस साखर वाढते, हे आधी सांगून ठेवले आणि घरी रोज साखर तपासली तर घाबरण्यासारखे नाही. हा विकार बरा व्हायला महिने नव्हे, एक ते तीन वर्षेही लागू शकतात आणि काहींत थोडा ताठरपणा उरतो. हे ऐकायला कडू आहे, पण तारखेची खोटी आशा दाखवली की तिसऱ्या महिन्यात मन पुन्हा कोसळते.

पुढे कधी कफची दुरुस्ती करावीच लागली, तर त्या काळात मनावर काय येते तेही आधीच माहीत असावे. मानेतील नस बधिर केलेली असल्यामुळे पहिल्या दिवशी दुखत नाही आणि सगळे आनंदात असतात. औषध उतरते ते साधारणतः त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, आणि मग वेदना एकदम उसळते. वेदनेच्या गोळ्या ती उसळण्याआधीच सुरू करायच्या असतात. चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो, पाठीला उशा लावून अर्धवट बसूनच झोपावे लागते, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत स्वतः हात उचलायचा नसतो. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर सुरू होतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा महिने ते एक वर्ष लागते. माझ्या अनुभवात सर्वांत वाईट काळ दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याचा असतो. भेटायला येणारे थांबलेले असतात, घरातले आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि आयुष्यभर दुसऱ्याला वाढणारी बाई दुसऱ्याच्या हाताने जेवत असते. त्या टप्प्यावर आम्ही मुद्दाम एक भेट ठेवतो, आणि त्या भेटीत टाके पाहायचे नसतात.

मनाच्या उपचारासाठी दूर पाहायला नको. पर्वरीच्या ‘संगत’ या संस्थेने आपल्याच राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. तीव्रतेच्या बाजूला झुकलेले नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांना जोडून सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. ते देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. त्या चाचणीत पीएचक्यू-९चे गुण चौदाच्या वर असणाऱ्यांनाच घेतले होते, तेव्हा तेरा गुणांच्या आईंना ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण त्या समुपदेशनाचा मार्ग मला खांद्यासाठी फार जवळचा वाटतो. मन लागले की काम करीन, असे न म्हणता, ठरवलेले छोटे काम वेळेवर करायचे, मग मन हळूहळू लागते. भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम नेमका असाच दिला जातो. फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक एकमेकांशी बोलले, तर एकाच वहीत दोन्हींची नोंद होऊ शकते. तज्ज्ञांची गरज वाटली तर बांबोळीची मानसोपचार संस्था आहे आणि १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची विनामूल्य सेवाही आहे.

औषधांविषयी थोडेसे. नैराश्यावरची गोळी सुरू झालेली असेल तर ती रागाच्या भरात किंवा शस्त्रक्रिया ठरली म्हणून अचानक बंद करू नये. मात्र खांद्याच्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना तिचे नाव सांगावेच, कारण अशा काही गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉल दिल्यास धोका संभवतो, आणि सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामकांबरोबर त्या घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. आणखी एक गोष्ट. नैराश्यावरची काही औषधे नैराश्य नसतानाही जुनाट वेदनेसाठी दिली जातात, त्यामुळे गोळीच्या नावावरून आपल्याविषयी डॉक्टरांनी काय ठरवले, याचा अंदाज आईंनी बांधू नये. ते त्यांना थेट विचारावे.

पुढच्या भेटीला जाताना एचबीए१सी, टीएसएच आणि एक्स-रे बरोबर घ्या. हात बाहेरच्या बाजूला किती अंश वळतो, हे डॉक्टरांना मोजून कागदावर लिहायला सांगा. तोच आकडा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिहून घ्या, आणि पीएचक्यूचा कागदही त्याच दोन दिवशी पुन्हा भरा, शक्यतो आईंनी स्वतः, मुलाने शेजारी बसून सुचवल्याशिवाय. तीन महिन्यांनी खांद्याचा आकडा हललेला नसेल तर शस्त्रक्रियेचा विषय नव्याने काढता येईल. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलीच तर डोक्यावर हात नेऊन माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधण्याचे काम या वर्षी मुलाने करावे, आईंनी खाली बसून कुठले फळ कुठे बांधायचे ते सांगावे. सुपाऱ्यांचे घोस मात्र त्यांनीच, कोपर अंगाला टेकवून, मांडीवर घेऊन गुंफावेत.